धाकट्या भाऊजींचे टायर

टायरवर जीव टाकणारी माणसं जगात आणखीही असतील. पण नुसता तळहात टेकवून टायरची तब्येत सांगणारा, त्याच्या म्हातारपणाची काळजी वाहणारा आणि त्याच्यापायी स्वतःच्या लग्नाचा मुहूर्त टळू देणारा माणूस आमच्या धाकट्या भाऊजींखेरीज दुसरा झाला नाही, हे मी बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही चौकात उभी राहून सांगायला तयार आहे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मुहूर्ताची गोष्ट अगदी खरी आहे. त्यांची सासुरवाडी दिंद्रुडची. आमचं सगळं वऱ्हाड मांडवात जाऊन बसलं, अक्षता वाटून झाल्या, भटजींचा घसा खाकरून झाला, आणि नवरदेवाचा पत्ता नाही. शेवटी आमचे हे मोटारसायकल काढून शोधायला गेले. गावाच्या अलीकडेच फुलांनी सजवलेली गाडी कडेला उभी होती आणि फेटा बांधलेले नवरदेव शेरवानीच्या बाह्या वर सारून जॅक फिरवत बसले होते. मागच्या टायरला कडेला फुगा आलेला त्यांना वाटेत दिसला होता. "फुटलं आसतं तर?" एवढंच ते म्हणाले. चाक बदलायला त्यांनी ड्रायव्हरला हातसुद्धा लावू दिला नव्हता. मांडवात पोचले ते काळ्या हातांनी, आणि त्याच हातांनी त्यांनी नवरीचा हात धरला. माझ्या जावेच्या लग्नाच्या फोटोंत मेंदी अशी कुठे दिसतच नाही. अजून अल्बम उघडला की ती म्हणते, "आक्का, बाकीच्या नवरींना हळद लागती, मला गिरीस लागलं."

माझी स्वतःची आणि त्यांची ओळख त्याही आधीची. मला बघायला मंडळी बीडला आमच्या घरी आली होती. पोहे झाले, प्रश्न विचारून झाले, आणि मुलाचा धाकटा भाऊ कुठे दिसेना. तो गल्लीत माझ्या मामांच्या जीपपाशी उकिडवा बसला होता, टायरवर हात ठेवून, डोळे मिटून. मामांनी "काय पाहिजे?" असं दरडावून विचारलं, तर हा मुलगा शांतपणे म्हणाला, "पुढचं डावं आतल्या अंगानं झिजायलंय. तुमी सरळ चालिवता, पर गाडी सरळ चालंना." मामा भयंकर तापट. पण त्यांनी वाकून पाहिलं आणि ते खरंच निघालं. संध्याकाळी घरात चर्चा झाली तेव्हा मामांनी निकाल दिला, "ज्या घरातलं धाकटं पोर परक्याच्या गाडीची एवढी काळजी करतं, तिथं मुलगी द्यायला हरकत नाही." मुलाबद्दल कुणी काहीच बोललं नाही. माझं लग्न असं टायरवर जमलं.

लग्नानंतर मी चौसाळ्याला आले. तिथल्या शाळेत मला नोकरीही लागली. आमचं घर गावाच्या हायवेकडच्या अंगाला. भाऊजींनी कॉलेज संपवून मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलं, आणि पंचक्रोशीतल्या माणसांना गाडी शिकवण्याच्या निमित्तानं टायरशी कसं वागावं याचे संस्कार करायला सुरुवात केली. त्यांच्या शाळेत पहिल्या दिवशी स्टिअरिंगला हात लावायची परवानगी नसे. आधी गाडीभोवती फेरी मारायची, चारी चाकांना तळहात लावायचा आणि कोणतं गरम, कोणतं गार ते सांगायचं. शेजारच्या गावच्या एक सरपंचबाई शिकायला आल्या, त्यांनी चाकाला हात लावला आणि तोच हात भक्तिभावानं कपाळाला लावला. पुढच्या दिवशी त्या हळदीकुंकू घेऊन आल्या. भाऊजींनी त्यांना अडवलं नाही. "टायरचा मान ठेवला ना? बास," असं त्यांचं म्हणणं. पण कुणी कचकन ब्रेक मारला, चाक चीं करून ओरडलं, की भाऊजींच्या चेहऱ्यावर अशी कळ उमटे की शिकणाऱ्याला आपण कुणाच्या तरी पायावर पाय दिल्यासारखं वाटावं. मीही त्यांच्याकडेच गाडी शिकले. "वयनी, हळू. त्याला आपल्याबरूबर यायचं हाय," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही गतिरोधक दिसला की माझा पाय आपोआप हलका पडतो.

उन्हाळ्यात तर त्यांचा छंद हायवेवर यायचा. भर दुपारी रस्ता रिकामा बघून ते डांबरावर तळहात टेकवत, मग चार पावलं जाऊन पुन्हा टेकवत. एकदा एका ट्रकवाल्यानं ट्रक थांबवून विचारलं, "काय हरवलं बे?" भाऊजी आपल्या तंद्रीत होते. तो बिचारा उतरून शोधू लागला. त्याला बघून क्लीनरही उतरला. हॉटेलात चहा पीत बसलेले दोघं आले. थोड्या वेळानं भाऊजी उठून हात झटकत म्हणाले, "आज मऊ टायर टिकणार न्हाई," आणि घरी निघून आले. मागे राहिलेली मंडळी बराच वेळ अंगठी शोधत होती, असं हॉटेलवाल्यानं नंतर आम्हाला सांगितलं.

हे मऊ टायरचं प्रकरण मला आधी कळत नसे. रविवारी संध्याकाळी भाऊजी टीव्हीवर परदेशातल्या मोटारशर्यती बघत. तेही आवाज बंद करून. कोण जिंकलं हे त्यांना शर्यत संपल्यावरही सांगता येत नसे. पण कुणी कितव्या फेरीला टायर बदलले, लाल पट्टीचे मऊ काढून पांढऱ्या पट्टीचे कडक कधी चढवले, कुणाचे कडेनं सोलले, हे सगळं तोंडपाठ. मी एकदा विचारलं, "भाऊजी, टायर तो टायर. त्यात मऊ आणि कडक कावून?" घरात राहून 'का'च्या जागी माझ्याही तोंडात 'कावून' बसलं होतं. ते उजळले. रबरात काय काय कालवतात, त्या कालवणाला कंपाउंड म्हणतात, इथपासून सुरुवात झाली. मला काही केल्या उमजेना. मग शाळेचं डोकं चाललं. मी म्हटलं, म्हणजे खडूसारखं का? मऊ खडू फळ्यावर कसा ठळक उमटतो, पण अर्ध्या तासात संपतो. कडक खडू दिवसभर पुरतो, पण मागच्या बाकावरच्या पोरांना दिसत नाही. भाऊजी ताडकन उठून उभे राहिले. "वयनी, तुमी माज्या शाळंत पायजे होता!" म्हणाले आणि माझ्या पिशवीतली खडूंची पेटी घेऊन गेले. पुढे वर्षभर ते येणाऱ्याजाणाऱ्याला अंगणातल्या फरशीवर रेघा ओढून शर्यतीचं तत्त्व समजावत होते. मऊ टायर रस्त्याला चिकटून पळतो आणि लवकर संपतो. कडक टायर तापायला वेळ घेतो, सुरुवातीला घसरतो, पण शेवटपर्यंत साथ देतो. कुठली शर्यत, कसली जमीन, किती ऊन, हे बघून निवड करायची. "निम्मी शर्यत इथंच जिंकली जाती," असं ते फरशीकडे बोट दाखवून सांगत. उरलेली निम्मी जिंकायला मात्र चालवणारा लागतो, आणि तो त्यांना मिळाला बिभीषणच्या रूपानं.

बिभीषण आष्टीकडचा. घरी शेळ्यामेंढ्यांचा धंदा. गावोगावच्या बाजारात पिकअपमधून शेरडं पोचवायची हे त्याचं काम. एकदा तो चौसाळ्यात हॉटेलाशी थांबला असताना भाऊजींनी नेहमीप्रमाणे त्याच्या गाडीची चाकं तपासली, आणि पळत घरी येऊन मला म्हणाले, "वयनी, एक माणूस सापडला! वळणावर ब्रेकच मारत न्हाई. टायरच्या भायेरच्या कडा सांगायल्यात." मी म्हटलं, मग त्याला समज द्या. ते म्हणाले, "समज कशाची? त्याला जेवायला आणतो." आणला. काळासावळा, हडकुळा, हसरा माणूस. पाटावर बसल्या बसल्या दोघांचं भांडण जुंपलं. भाऊजी म्हणाले, "शेरडं हायेत का काय हायेत मागं? एवढं पळवितो कावून?" तो म्हणाला, "शेरडाला काय घाई न्हाई बे, मला हाय." त्या दिवसापासून ते दोघं एकमेकांचे जिवलग झाले. आणि भांडण कधी थांबलं नाही.

आष्टीच्या अलीकडे एका मुरमाड माळावर त्या काळात संक्रांतीनंतर मोटारींची शर्यत भरायची. पुण्याकडची काही हौशी मंडळी भरवत. माळावर चुन्यानं आखलेला वाकडातिकडा रस्ता, पुष्कळ फेऱ्या, आणि नियम असा की निघताना जे चार टायर लावले त्यांवरच शर्यत संपवायची. मध्ये बदलायचे नाहीत. हा नियम ऐकून भाऊजींच्या अंगावर काटा आला. त्यांना वाटलं, हा नियम कुणीतरी आपल्यासाठीच केला आहे. ड्रायव्हिंग स्कूलची एक म्हातारी गाडी निवृत्त झाली होती. तिच्या सीटा काढल्या, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला, आणि पुण्याहून शर्यतीच्या टायरचे दोन संच आणले, एक मऊ, एक कडक. गाडीच्या पुढचं तांबडं 'एल' मात्र काढायचं राहिलं. शर्यतीत बाकीचे ड्रायव्हर ते बघून इतके हसले की बिभीषणनं ते मुद्दाम कधीच काढू दिलं नाही.

पहिल्या वर्षी बिभीषणच्या हट्टानं मऊ टायर लावले. मी गेले नव्हते, पण ऐकून पाठ झालंय. पहिल्या निम्म्या शर्यतीत 'एल' सगळ्यांच्या पुढे. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मग ऊन तापलं आणि मुरूम कानशीसारखा चालू लागला. टायरचे गोळेच्या गोळे निघून मागे उडायला लागले, चाकं गुळगुळीत झाली, गाडी प्रत्येक वळणाला बाहेर जाऊ लागली. शेवटून पहिला नंबर. भाऊजींनी ते सोललेले टायर घरी आणले आणि गच्चीवर नेऊन ठेवले. दोन दिवस जेवले नाहीत. बिभीषण आला आणि म्हणाला, "पुढं व्हतो ना बे पर! लोक बघत व्हते ना!" भाऊजी म्हणाले, "पुढं असणं म्हंजे शर्यत न्हाई. पोचणं म्हंजे शर्यत." पुढच्या वर्षापासून टायर निवडायचं काम भाऊजींचं आणि गाडी चालवायचं बिभीषणचं, अशी वाटणी झाली.

भाऊजींनी कडक टायर निवडले. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी आणि त्यानंतरही. नवा मऊ संचही त्यांनी आणून ठेवला होता, दर वर्षी माळावर नेतही, पण तो गाडीला कधी चढला नाही. कडक टायरवर बिभीषण तिसरा आला, मग दुसरा आला, मग पुन्हा दुसराच. गावात भाऊजींना मान मिळाला. माणसं म्हणत, पुढचे सगळे मध्येच खलास होतात, पण चौसाळ्याची गाडी पोचतेच. बिभीषणही हसायचा, पण एकदा आमच्याकडे जेवताना तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, "तुला पोचायचंच पडलंय बे. मला एकदा सगळ्यांच्या आदी पोचायचंय." भाऊजींनी त्याला परत सगळं सांगितलं, मुरूम, ऊन, रबराचं तापमान. फरशीवर रेघाही ओढल्या. बिभीषण ऐकून घेत राहिला. त्याला ते सगळं कळत होतं. कळत नव्हतं असं काही त्यात नव्हतंच.

मग त्याला आखाताकडे ट्रेलर चालवायचं काम मिळालं. घरच्यांनी ठरवलं, त्यानंही होकार दिला. संक्रांतीनंतरची शर्यत झाली की आठवड्यानं निघायचं. ती त्याची शेवटची शर्यत, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या वर्षी मीही गेले. धपाटे, ठेचा आणि दही बांधून घेतलं होतं. माळावर पोचलो तर हवा वेगळीच. आभाळ भरून आलेलं, सूर्याचा पत्ता नाही, गार वारं सुटलेलं, आणि धूळ बसावी म्हणून पहाटेपासून टँकरनं सगळ्या रस्त्यावर पाणी मारलेलं. जमीन काळपट ओली. बाकीच्या गाड्यांना मऊ टायर चढवायचं काम सुरू होतं. भाऊजी चुन्याच्या रेघेपाशी खाली बसले आणि त्यांनी मुरमावर तळहात टेकवला. नेहमी ते क्षणभर टेकवत. त्या दिवशी बराच वेळ तसेच बसून राहिले.

बिभीषण त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "गार हाय ना?"

भाऊजींचा हात मुरमावरच होता.

"एकदा मऊ लाव बे. माज्यासाठी. न्हाई टिकलं तर न्हाई टिकलं. कोण इचारतंय आता?"

भाऊजी उठले. हात धोतराला पुसावा तसा पँटला पुसला, आणि आभाळाकडे बघत म्हणाले, "दुपारी ऊन पडंल. पडल्याबिगर राहत न्हाई."

बिभीषणनं हेल्मेट काखेत मारलं. मग म्हणाला, "बरं." इतकंच. वाद घातला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघांचं भांडण झालं नाही, आणि मला तेव्हाच कसंतरी वाटलं.

कडक टायर चढले. शर्यत सुटली. कडक रबराला तापल्याशिवाय पकड येत नाही, हे भाऊजींनीच मला शिकवलं होतं. ओल्या गार मुरमावर ते तापतील कसे? 'एल' पहिल्याच वळणाला सरकली, दुसऱ्या वळणाला सरकली. बिभीषण जीव तोडून चालवत होता. गाडी आडवी व्हायची, तो सावरायचा, पुन्हा पाठलागाला लागायचा. मऊ टायरवाले लोण्यातून सुरी जावी तसे वळणांतून निघून जात होते. भाऊजी दोरीपाशी उभे होते आणि आभाळाकडे बघत होते. शर्यतीकडे त्यांची पाठ नव्हती, पण डोळे वरच. प्रत्येक फेरीला मला वाटायचं, आता तरी ऊन पडेल. पडलं नाही. बिभीषण चौथा आला. ऊन पडलं ते मांडवाच्या कनाती सोडायला लागले तेव्हा.

गाडी येऊन थांबली. भाऊजी चाकाशी जाऊन बसले, मी त्यांच्यामागे होते, म्हणून ते मी बघितलं. टायरला काही झालेलं नव्हतं. नव्या टायरच्या कडेला रबराचे बारीक केस असतात ना, तेसुद्धा जागच्या जागी होते. एवढी मोठी शर्यत पळून आलेले टायर दुकानातून आणल्यासारखे कोरे करकरीत. बिभीषण हेल्मेट काढून खाली उतरला, त्यांच्या शेजारी बसला, आणि त्यातला एक रबराचा केस चिमटीत धरून उपटला. म्हणाला, "दोन शर्यती आजून निघतील बे यांच्यातून." खरं सांगते, त्यात टोमणा नव्हता. तो तसा माणूस नव्हता. मग तो म्हणाला, "वैनी, भूक लागली. काय आणलंय?" आणि आम्ही तिघं तिथेच मुरमावर बसून धपाटे खाल्ले. भाऊजींच्या हातातला तुकडा दह्यात बुडालेला तसाच राहिला. आठवड्यानं बिभीषण गेला.

त्यानंतर भाऊजींनी शर्यतीत गाडी घातली नाही. शाळा चालू होती, चाकांना हात लावणं चालू होतं, टीव्ही चालू होता. पण अधूनमधून काही कारण नसताना ते माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसत आणि त्या दिवशीचा निर्णय बरोबर कसा होता ते मला पटवून देत. जानेवारीत आभाळ दुपारपर्यंत फाटतंच. मुरूम ओला असला तरी वरचा थर सुकतो. मऊ टायर शेवटच्या फेऱ्यांत दगा देतो. मी पोळ्या लाटता लाटता हुं हुं करायची. एकदाच, फक्त एकदा, सगळं पटवून झाल्यावर ते उठले आणि जाता जाता म्हणाले, "हाताला गार लागलं व्हतं, वयनी. हातानं सांगितलं व्हतं मला." आणि मी काही बोलायच्या आत निघून गेले.

तो न वापरलेला मऊ संच त्यांनी गोणपाटात गुंडाळून धान्याच्या कोठीत ठेवला होता. अंधार हवा, ऊन लागायला नको, तेल लागायला नको. काही महिन्यांनी कोठीत जाऊन ते टायर फिरवून ठेवत, एकाच बाजूवर भार येऊ नये म्हणून. माझी जाऊ कुरकुरायची, "आक्का, ज्वारीला रबराचा वास यायलाय." मी एकदा त्यांना विचारलं, हे ठेवलेत कशासाठी? तर म्हणाले, "बिभ्या सुट्टीला येतोच की कवातरी."

बिभीषणला सुट्टी मिळायला पुष्कळ वर्षं गेली. आला की लग्नकार्य, आजारपण, पुन्हा परत. आमच्याकडे यायचं दर वेळी राहून जायचं. शेवटी मागच्या हिवाळ्यात आला. मी दार उघडलं आणि क्षणभर ओळखलंच नाही. अंगानं सुटलेला, केस पिकलेले, आणि चालताना एक हात कमरेवर. वर्षानुवर्षं ट्रेलरच्या सीटवर बसून त्याची पाठ गेली होती. बसायला खुर्ची दिली तर म्हणाला, "वैनी, मागं उशी द्या एखादी." भाऊजी धावत आले, मिठी मारायला गेले आणि त्याचं कण्हणं ऐकून थबकले. मग काही सुचेना म्हणून त्याचा हात धरून त्याला थेट कोठीत घेऊन गेले.

गोणपाट सोडलं. टायर काळेभोर दिसत होते. भाऊजींनी अंगठ्याचं नख रबरात रोवलं. मऊ टायरवर नख रुततं, खूण उमटते. रुतलं नाही. दुसऱ्या जागी रोवलं. मग दुसऱ्या टायरला. उजेडात आणल्यावर दिसलं की कडेला बारीक भेगाही पडल्या होत्या. रबर वापरलं नाही तरी वयानं कडक होतं, हे भाऊजी अख्ख्या पंचक्रोशीला सांगत आले होते, टायर घेताना कडेवरची तारीख बघा म्हणून ओरडत आले होते. त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पण ते खाली बसले ते बसलेच. बिभीषणला वाकता येत नव्हतं. तो उभ्यानंच त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "ऱ्हाऊ दे बे. चल, मला घरी सोड."

आम्ही तिघं निघालो. मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा बिभीषण म्हणाला, मी चालवतो. उशी पाठीशी घेऊन बसला आणि इतकी सावकाश चालवू लागला की दुधाच्या मोटारसायकली आम्हाला मागे टाकून गेल्या. प्रत्येक खड्ड्याला तो ओठ आवळायचा. आष्टीच्या अलीकडे त्यानं गाडी थांबवली. तोच माळ. आता तिथे तारेचं कुंपण होतं आणि आत नजर पोचेल तिथवर सौरऊर्जेच्या निळ्या काचा. चुन्याचा रस्ता, वळणं, काही उरलं नव्हतं. दोघं कुंपणाला धरून उभे राहिले. मी मागे थांबले, पण बोलणं ऐकू येत होतं.

"इथं वळण व्हतं बे," बिभीषण म्हणाला. "त्या खांबापशी. तिथंच सरकायची."

भाऊजींनी त्या खांबाकडे बघितलं. मला वाटलं, आता आभाळ, मुरूम, वरचा थर सगळं सुरू होणार. पण ते म्हणाले, "मऊ लावले आसते तर पयला आला आसतास."

इतकी वर्षं माझ्या उंबऱ्यावर बसून मांडलेला सगळा हिशेब त्यांनी त्या एका वाक्यात टाकून दिला. बिभीषणनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, पाठ दुखत असतानाही पूर्ण वळून पाहिलं.

"ह्या!" तो म्हणाला. "काय बोलतो बे? मला काय धीर हाय का? मी तिसऱ्या फेरीतच फाडून ठिवले आसते. शेवटून पयला आलो आसतो परत. तुजं बरूबर व्हतं."

"खरं?"

"तर! पोचलो तरी त्या दिशी. तुज्यामुळंच."

भाऊजींनी मान हलवली. मग दोघंही त्या निळ्या काचांकडे बघत उभे राहिले. मी तो दिवस बघितला होता. ओल्या मुरमावर मऊ टायर शेवटपर्यंत टिकले होते, पहिल्या तिघांचेही. बिभीषणनं तर ते गाडीतून बघितलं होतं.

आष्टीला त्याच्या घरी आम्ही ताक घेतलं. त्याच्या म्हाताऱ्या आईनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना बिभीषण दारापर्यंत आला, हात कमरेवर ठेवून उभा राहिला आणि हसून म्हणाला, "पुढल्या बारीला येतो बे निवांत." परतीला भाऊजींनी किल्ली माझ्या हातात दिली आणि शेजारी बसले. पाटोदा मागे पडलं. ऊन कललं होतं, दोन्ही बाजूंना हरभरा पिवळा पडायला लागला होता.

"लबाड हाय ते, वयनी," ते एकदम म्हणाले. "लई लबाड माणूस हाय."

आणि तोंड खिडकीकडे फिरवून बसले.